हाकेच्या अंतरावरचा मासा

गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक उघडले की पहिल्या पानांत रॉड, रील आणि दोऱ्यांची जंत्री भेटणार, अशी आपली अपेक्षा असते. या पुस्तकात ती जंत्री बरीच मागे ढकललेली आहे आणि तीही आटोपशीर आहे. सुरुवात होते ती एका छोट्या सपाट बोटीवर उभ्या असलेल्या दोन माणसांपासून. मागे, इंजिनाच्या वरच्या उंच फळीवर, लांब काठीने बोट ढकलणारा गाइड. पुढे, नाळेवर, हातात रॉड धरून उभा असलेला पाहुणा. मासा जवळजवळ नेहमी मागच्याला आधी दिसतो आणि गाठायचा असतो पुढच्याने. गाइडसोबतच्या खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगचा सगळा पेच या मांडणीत आहे. या सहलीची तयारी कशाची करायची, हे ठरवतानाही तिथूनच सुरुवात करावी लागते. लेखकाने ती तिथून केली, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडे मुळापासून. आपल्या खाडीवर गळ टाकणारा माणूस शिशाच्या वजनावर अवलंबून असतो. वजन उडते आणि दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटे आहे. पिसे, केस आणि चकचकीत धाग्यांनी गरीवर बांधलेल्या फ्लायला वजन असे नसतेच. वजन असते ते प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या जाडसर लाइनला. रॉडने ती लाइन हवेत मागे-पुढे उलगडायची आणि शेवटी तिच्या टोकाची फ्लाय हवी तिथे उतरवायची. ही विद्या वाढली ती इंग्लंड-अमेरिकेच्या नद्यांवर, ट्राउट आणि सॅमन या माशांसाठी. साहेबाबरोबर ती भारतातही आली. एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे काश्मीरच्या ओढ्यांत खास गळासाठी ट्राउट आणून सोडले गेले. समुद्राकडे मात्र फ्लायवाले बरेच उशिरा वळले. वारा, मीठ आणि माशांची ताकद या तिन्हींपुढे नदीवरचे सामान टिकत नव्हते, हे त्याचे साधे कारण.

वळले तेव्हा त्यांना सापडले ते ‘फ्लॅट’. घोट्यापासून कमरेपर्यंतच्या पाण्याखाली वाळू, चुन्याचा पांढरट चिखल किंवा समुद्री गवत यांची दूरवर पसरलेली सपाटी म्हणजे फ्लॅट. भरतीबरोबर मासे खोल पाण्यातून इथे चरायला येतात, खेकडे आणि कोळंब्या हुडकतात आणि ओहोटी लागली की मागे फिरतात. पाणी उथळ आणि नितळ असल्यामुळे मासा दिसतो. त्याच कारणाने त्याला आपणही दिसतो. इथे आंधळेपणाने गळ टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही. आधी मासा शोधायचा, तो कुठे चालला आहे हे ओळखायचे आणि त्याच्या वाटेवर फ्लाय ठेवायची. अटलांटिकच्या बाजूला या खेळाचे तीन मानाचे मासे आहेत. आरशासारख्या खवल्यांमुळे तळाच्या रंगात विरून जाणारा बोनफिश, हवेत उसळ्या घेणारा प्रचंड टारपन आणि खेकड्याशिवाय दुसऱ्या कशाला सहसा भुलत नाही असा परमिट. तिन्ही एका दिवसात मिळाले तर त्याला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात. हिंदी महासागरात हा मान जायंट ट्रेव्हलीकडे, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘जीटी’ म्हणतात त्याच्याकडे जातो.

आता गाइडची हाक. बोटीची नाळ म्हणजे घड्याळातले बारा. गाइड ओरडतो, “अकरा वाजता, पन्नास फूट, उजवीकडे येतोय!” एवढ्यावर पाहुण्याने दिशा पकडायची, अंतर मोजायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि एक-दोन झोक्यांत लाइन सोडायची. मासा बोटीकडे पोहत असतो आणि पन्नासाचे तीस फूट व्हायला फारसा वेळ लागत नाही. बोनफिशसाठी फ्लाय त्याच्या पुढे तीन ते सहा फुटांवर पडायला हवी. जवळ पडली तर तो बिथरतो, लांब पडली तर त्याला दिसतच नाही. आणि फ्लाय ओढताना ती कधीही माशाच्या अंगावर चालून जाता कामा नये, कारण कोळंबी काही शिकाऱ्यावर धावून जात नाही. क्रिकेटमध्ये चेंडू आपल्या पाठीमागे गेला की दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाच्या हाकेवर डोळे मिटून धावावे लागते. इथेही तसेच आहे. वळून खात्री करू म्हणणारा धावबाद होतो.

म्हणून माझे मत असे की या सहलीची तयारी म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून आपल्या हाताने नेम धरण्याची सवय. बाकी सगळे, म्हणजे महागडे रॉड, फ्लायांचे डबे, खास शर्ट, हे त्या सवयीच्या मागून येते. गाइडांना विचारले तर तेही हेच सांगतात, फक्त पाहुण्यासमोर जरा सौम्य शब्दांत.

गाइड आणि पाहुण्याचे हे नाते घडले कसे, याचा इतिहास फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला लागलेल्या बेटांच्या माळेत, म्हणजे फ्लोरिडा कीजमध्ये सापडतो. टारपनचा नाद फ्लोरिडात फ्लायच्या आधीचा आहे. १८८५ मध्ये पुंटा रासाजवळ डब्ल्यू. एच. वुड यांनी रॉड आणि रीलवर टारपन घेतल्याची बातमी गाजली आणि हिवाळ्यात श्रीमंत मंडळींची रीघ लागली. १९११ मध्ये ए. डब्ल्यू. डिमॉक यांचे ‘द बुक ऑफ द टारपन’ आले. १९१२ मध्ये हेन्री फ्लॅगलर यांची रेल्वे बेटामागून बेट ओलांडत की वेस्टला पोचली आणि वाटेतल्या लाँग की इथल्या मासेमारी कॅम्पात कादंबरीकार झेन ग्रे यांच्यासारखे लोक मुक्कामाला येऊ लागले. १९३५ च्या चक्रीवादळाने कॅम्पही नेला आणि रेल्वेही. तीन वर्षांनी त्याच मार्गावर मोटाररस्ता झाला, सामान्य नोकरदाराची गाडी बेटांवर पोचू लागली आणि आयलामोराडा या गावाच्या आसपास गाइडांचा धंदा मूळ धरू लागला.

इथून पुढच्या हकिकतीत गाइड दुय्यम पात्र राहत नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १९३९ मध्ये ठरवून, फ्लायवर, पहिला बोनफिश घेतला असे बहुतेक जण मानतात ते कॅप्टन बिल स्मिथ स्वतः गाइड होते. त्यांची पत्नी बॉनी आणि तिच्या दोन बहिणी, फ्रँकी आणि ब्यूला, तिघीही गाइड. त्या काळी बोटीवर बाई म्हणजे शुभ्र टोपीतली पाहुणी असा समज होता, तिथे या तिघी काठी मारत होत्या. फ्रँकीचे पती जिमी अल्ब्राइट यांच्या नावाची गाठ आजही जगभरचे लोक बांधतात. १९४७ मध्ये याच जिमी अल्ब्राइट यांच्या बोटीवरून जो ब्रूक्स यांनी बोनफिश मिळवले आणि ते मासिकांतून लिहिते झाले. १९५० मध्ये त्यांचे ‘सॉल्ट वॉटर फ्लाय फिशिंग’ आले आणि ही गाइडांच्या गोटातली गोष्ट सगळ्यांची झाली. पुस्तकावर नाव ब्रूक्स यांचे आहे, पण त्यातले पाणी, भरतीच्या वेळा आणि माशांचे स्वभाव ज्यांनी दाखवले ती माणसे काठीवर होती. १९७४ मध्ये लेफ्टी क्रे यांचे ‘फ्लाय फिशिंग इन सॉल्ट वॉटर’ आले. त्यानंतर निदान अमेरिकेत तरी या विषयावरचे प्रत्येक पुस्तक क्रे यांच्याशी सहमत होत किंवा भांडत लिहिले गेले.

दरम्यान सामान बदलत होते. बांबूच्या पट्ट्यांचा रॉड जाऊन दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आले, १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आले. रेशमी लाइनच्या जागी प्लॅस्टिकचा लेप दिलेली लाइन आली. पण माझ्या मते याहून मोठा फरक पाडला तो एका साध्या फळीने. बिल कर्टिस यांनी १९७० च्या दशकात बोटीच्या इंजिनावर उंच चौथरा बसवायची पद्धत रूढ केली. गाइड काही फूट वर चढला, त्याची नजर दूर पोचू लागली, आणि पुढे उभ्या असलेल्या पाहुण्याला जे दिसत नाही ते त्याला दिसण्याचा काळ लांबला. म्हणजे हाक आणखी महत्त्वाची झाली. याच दशकात की वेस्टमध्ये लेखक मंडळीही जमली होती. टॉमस मॅग्वेन यांची १९७३ ची ‘नाइंटी-टू इन द शेड’ ही कादंबरी तर दोन गाइडांच्या वैरावरच उभी आहे.

फ्लायांचीही अशीच गोष्ट. ‘क्रेझी चार्ली’ ही बोनफिशसाठी जगभर वापरली जाणारी फ्लाय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बहामाजच्या अँड्रॉस बेटावर जन्मली. बांधली बॉब नॉहाइम या अमेरिकन पाहुण्याने, नाव मिळाले ते तिथल्या चार्ली स्मिथ या गाइडचे. परमिटसाठी डेल ब्राउन यांनी सुतासारख्या धाग्यांचा सपाट खेकडा बांधला आणि त्यांनी स्वतः घेतलेल्या परमिटची संख्या पाचशेच्या वर गेली. एरवी आयुष्यात दोन-चार परमिट मिळाले तरी माणूस मिशीला पीळ देतो, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा अर्थ कळतो. पुढे ही विद्या बेलीझ आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावर गेली, १९८० च्या दशकात पॅसिफिकमधल्या किरितिमातीला पोचली आणि शतक संपता संपता सेशेल्सच्या दूरच्या प्रवाळबेटांवर जीटीच्या मागे लागली.

आज या क्षेत्रात अनेक घराणी आहेत. नवख्याने कोणत्या घराण्याच्या सहलीला आपण निघालो आहोत, हे आधी ओळखावे. फ्लॅटवर नजरेने मासा शोधणाऱ्यांचे घराणे सगळ्यांत मानाचे समजले जाते, आणि हे पुस्तक मुख्यतः त्यांचेच आहे. त्यातही बोटीवरून जाणारे आणि पाण्यात उतरून चालणारे असे दोन पंथ आहेत. किरितिमाती, बहामाज किंवा सेशेल्समध्ये बराच दिवस पायी जातो. तिथे तळव्याला टणक बूट नसतील तर प्रवाळ पाय फाडतो, आणि पाय उचलून न टाकता घासत चालायची सवय नसेल तर वाळूत दडलेल्या पाकटाची नांगी बसते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, केप कॉड आणि माँटॉकच्या बाजूला, स्ट्राइप्ड बास या माशासाठी लाटांत उभे राहून अंदाजाने लाइन टाकणारे लोक आहेत. त्यांना घड्याळाची हाक लागत नाही, त्यांना भरतीचे पत्रक आणि चिकाटी लागते. खोल समुद्रातले घराणे आणखी वेगळे. तिथे बिनगरीचे आमिष बोटीमागे ओढून सेलफिशला चिथावतात, तो जवळ आला की आमिष झटकन काढून घेतात आणि इंजिन न्यूट्रलला टाकून फ्लाय पुढे करतात. १९६२ मध्ये पनामाच्या पिन्यास उपसागरात डॉ. वेबस्टर रॉबिन्सन यांनी याच पद्धतीने सेलफिश घेतला होता. तिथे डेकवरची सगळी माणसे एका तालात हलावी लागतात.

विक्रमांचे वेड हाही एक पंथच. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या, म्हणजे आयजीएफएच्या नियमांत फ्लायसाठी सर्वांत जाड चालणारा टिपेट, म्हणजे फ्लायजवळचा शेवटचा दोरा, वीस पौंडांच्या ताकदीचा आहे, आणि त्याहून बारीक दोऱ्यांचे वर्ग वेगळे. २००१ मध्ये फ्लोरिडाच्या होमोसासा परिसरात जिम हॉलंड ज्युनियर यांनी वीस पौंडी टिपेटवर २०२ पौंड ८ औंसांचा, म्हणजे सुमारे ९२ किलोंचा टारपन घेतला. दोनशे पौंडांची भिंत तेव्हा प्रथम ओलांडली गेली. या पराक्रमाला मी कमी लेखत नाही. पण बारीक दोऱ्यावर मासा तासन्‌तास दमवायचा आणि मग सोडून द्यायचा, हे आता बहुतेक गाइडांना पटत नाही. जाड दोरा लावा, मासा लवकर आणा, दम शिल्लक असताना सोडा, असे नव्या पिढीचे म्हणणे. लेखक या दुसऱ्या बाजूचा आहे, मीही.

फेकीच्या शिकवणीतही वाद आहेत. नदीवर मनगट आवरून रॉड घड्याळाच्या दहा आणि दोन यांच्यामध्ये हलवायला शिकवत. क्रे यांनी सांगितले की समुद्रावर एवढ्याने भागत नाही, हात मागे लांब जाऊ द्या आणि शरीर त्याच्याबरोबर वळू द्या. जोन वुल्फ यांनी हीच क्रिया तुकड्या-तुकड्यांत मांडली, तिला नावे दिली आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात शाळा काढली. दोघांचेही विद्यार्थी समुद्रावर यशस्वी होतात, म्हणून या वादात नवख्याने रमू नये. त्याने ‘डबल हॉल’ शिकावा, म्हणजे रॉड पुढे-मागे जात असताना मोकळ्या हाताने लाइनला दिलेला झटका. समोरून वारा असताना त्याच्यावाचून लाइन जात नाही, आणि फ्लॅटवर वारा असतोच.

नव्वद फूट टाकता आले पाहिजे, अशी नवख्यांची समजूत असते. चाळीस ते साठ फूट पुरतात, पण ते वाऱ्यात, लगेच आणि सांगितलेल्या जागी पडले पाहिजेत. मैदानात ताटल्या मांडून घरातल्या कुणाला तरी मागे उभे करावे आणि “दहा वाजता, चाळीस फूट” असे पुकारायला सांगावे. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात, एखाद्या रविवारी चार तास घाम गाळण्याने हात तेवढा दुखतो. गरी तोडलेली फ्लाय किंवा लोकरीचा तुकडा बांधावा. आपल्याकडे सकाळच्या मैदानात पाणी नसताना गळ टाकणाऱ्या माणसाभोवती गर्दी जमते, ही अडचण लेखकाने गंभीरपणे घेतलेली नाही. ती खरी आहे. पण बोटीवर गाइडच्या समोर जी घबराट होते, तिचा सराव या गर्दीपुढे फुकटात होतो.

अंतराबद्दल एक गोष्ट. गाइडचे पन्नास फूट आणि आपले पन्नास फूट सहसा जुळत नाहीत. पहिल्या सकाळी, मासा दिसण्याआधी, एकदा लाइन टाकून “हे किती?” असे विचारून घ्यावे. हाक कळली नाही तर रॉडचे टोक त्या दिशेने धरावे. गाइड “आणखी डावीकडे, थांब” असे म्हणून टोकावरून वाट दाखवतो. आणि आपण किती टाकू शकतो, हे फोनवरच खरे सांगावे. आपल्या मध्यमवर्गीय संकोचामुळे आपण कमी सांगतो किंवा भिडेपोटी जास्त सांगतो. गाइड त्या माहितीवर दिवस आखतो. नुकताच शिकलेला पाहुणा असेल तर तो परमिटच्या मागे न लागता बोनफिशच्या थव्यांकडे नेईल आणि दोघांचाही दिवस बरा जाईल.

सामानाचे थोडक्यात. बोनफिशला नऊ फुटी आठ नंबरचा रॉड, परमिटला नऊ-दहा, टारपन आणि जीटीला अकरा-बारा. हे नंबर लाइनच्या वजनाचे असतात. आठ नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात. लाइन उष्ण पाण्यासाठी बनवलेली हवी, थंड नदीवरची लाइन उन्हात लिबलिबीत होते. रीलचा ब्रेक मीठ आणि वाळूपासून बंदिस्त असावा आणि मागे दोनशे यार्ड राखीव दोरा असावा. डासांच्या मलमातले डीट प्लॅस्टिक विरघळवते, म्हणून हात धुतल्याशिवाय लाइनला हात लावू नये. यापलीकडे एकाच वस्तूवर पैसे सैल सोडावेत, ती म्हणजे तांबूस काचांचा ध्रुवीकरण करणारा चष्मा. पाण्यावरची चमक कापली नाही तर गाइडची हाक ऐकूनही समोर नुसता चकाकता पत्रा दिसतो. बाकीचे बहुतेक सामान गाइडकडे असते. लेखक स्वतःचा रॉड न्यावा असे म्हणतो. पहिल्या सहलीला गाइडचेच वापरावे, असे मला वाटते. त्याच्या लाइनला तिथल्या पाण्याची सवय असते, आणि आपले पाच-सातशे डॉलर वाचतात, म्हणजे जवळजवळ गाइडचा एक दिवस.

केळी मात्र नेऊ नयेत. बोटीवर केळे अपशकुनी, ही समजूत अमेरिकेच्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे. निम्मे गाइड हसून सोडून देतात, उरलेले डब्यातून केळे काढून समुद्रात फेकतात.

भरती-ओहोटीचा भाग हा या पुस्तकाचा सगळ्यांत कसदार भाग आहे, आणि इथे कोकणातल्या वाचकाला घरच्यासारखे वाटेल. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचे भांग, तिथीची पाऊणपट करून काढलेली भरतीची वेळ हे ज्याने लहानपणी ऐकले आहे त्याला या खेळाचे निम्मे वेळापत्रक आधीच ठाऊक असते. फक्त मोजमाप बदलते. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास चढते. की वेस्टला भरती आणि ओहोटी यांतला फरक अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. पण घोटाभर पाण्याच्या सपाटीवर तेवढ्यानेच सगळे चित्र पालटते. शिवाय कीजमध्ये एका बेटाच्या समुद्राकडच्या आणि आखाताकडच्या बाजूच्या भरतीच्या वेळा काही तासांनी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे पाऊणपटीचा हिशेब तिथे चालत नाही. गाइड दिवसभर बोट इकडून तिकडे पळवतो तो याच फरकाच्या मागे. हे माहीत नसलेला पाहुणा मनात म्हणतो, हा माणूस नुसते पेट्रोल जाळतो आहे. मे-जूनमधल्या उधाणांच्या संध्याकाळी पालोलो नावाचे किडे तळातून वर येतात आणि टारपन त्यांच्यावर तुटून पडतात. त्या दिवसांचे गाइड कित्येक महिने आधी ठरलेले असतात. ज्यांना रजा मंजूर करून घ्यायची आहे त्यांनी कॅलेंडरवर आधी चंद्र पाहावा, मग विमानाचे भाडे. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम, हेही त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

आता तो प्रश्न, जो मराठी घरात पहिल्यांदा विचारला जाईल. एवढा खर्च करून पकडलेला मासा सोडून द्यायचा? सुरमईच्या तुकडीवर वाढलेल्या माणसाला हे सहजी पटणार नाही आणि पटवून देण्याचा आव लेखक आणत नाही. तो वस्तुस्थिती सांगतो. फ्लोरिडात २०१३ पासून बोनफिश आणि टारपन सोडून देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि चाळीस इंचांहून मोठा टारपन पाण्याबाहेर उचलणेसुद्धा गुन्हा आहे. बेलीझने २००९ मध्ये तिन्ही माशांना असे संरक्षण दिले. यामागे कळवळा आहे तसा हिशेबही आहे. बहामाजमध्ये या मासेमारीतून देशाला मिळणारे उत्पन्न २०१० च्या अभ्यासात वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलर भरले. तोच बोनफिश ताटात पडला तर एकदाच आणि काट्यांनी भरलेला. माशाला इजा होतच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. दमलेला बोनफिश फोटोसाठी बाहेर धरला आणि मग सोडला की पाठीमागे फिरणारा लेमन शार्क त्याला उचलतो. म्हणून गरीचा उलटा काटा आधीच चेपून टाकायचा, हात ओले करायचे आणि मासा पाण्यातच ठेवून सोडवायचा. फोटो हवाच असेल तर तो पाण्यात असतानाच काढावा, असे लेखक म्हणतो, आणि यात सवलत देत नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचेही उत्तर यात आहे. जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेत दक्षिण फ्लोरिडात उथळ पाण्यातले असंख्य मासे मेले. २०१५ मध्ये फ्लोरिडा उपसागरातले समुद्री गवत हजारो एकरांवर करपले. २०१७ मध्ये अर्मा आणि २०१९ मध्ये डोरियन या वादळांनी कीज आणि उत्तर बहामाजमधली गाइडांची घरे आणि बोटी नेल्या. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ९३ बोनफिश तपासले, तर एकेका माशात सरासरी सात औषधांचे अंश सापडले: रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, जंतुसंसर्गाच्या. माणसाच्या शौचालयातून निघालेले पाणी त्या नितळ सपाटीपर्यंत पोचते आहे, हे गाइड आधीपासून सांगत होते. बोनफिश अँड टारपन ट्रस्टसारख्या संस्था गाइडांना बरोबर घेऊन काम करतात ते यामुळेच. पाण्यात रोज कोण असतो, या प्रश्नाचे उत्तर तेच आहेत. गाइडला नुसता नोकर समजणाऱ्या पाहुण्याला ही माहिती कधी मिळत नाही. दिवसाच्या भाड्यावर पंधरा ते वीस टक्के टिप द्यायची हे तो शिकून येतो, पण जेवणाच्या सुट्टीत “हे गवत दहा वर्षांपूर्वी कसे होते?” एवढे विचारायचे राहून जाते.

दुसरे कारण आपल्या बाजूचे. टेक्सास, फ्लोरिडा, न्यू जर्सी इथे राहणारी मराठी माणसे आता या बोटींवर दिसतात. इकडून सुट्टीला सेशेल्सला जाणारेही आहेत. अंदमानात जीटीसाठी परदेशी पाहुणे गाइड घेऊन बरीच वर्षे येत आहेत, तिथली मासेमारी बहुतांशी जड कृत्रिम आमिषाची असली तरी पाण्याची आणि हाकेची शिस्त तीच आहे. इंग्रजीत या विषयावर कपाटभर पुस्तके आहेत, पण ती ज्याचा आजोबा मेनच्या नदीवर ट्राउट पकडत होता अशा वाचकासाठी लिहिलेली आहेत. ज्याच्या आजोबांनी रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावली, त्याच्या हातात कोणत्या सवयी आधीच आहेत आणि कोणत्या मोडाव्या लागतील, हे त्या पुस्तकांत नाही. एक सवय तर नक्की मोडावी लागेल. मासा लागला की रॉड झटक्याने वर उचलण्याची. खाऱ्या पाण्यात रॉड खालीच ठेवून लाइन हाताने सरळ मागे खेचायची असते. गरी बसली नाही तरी फ्लाय माशाच्या तोंडासमोरच राहते आणि तो पुन्हा येऊ शकतो. रॉड उचलला तर फ्लाय हवेत आणि गाइडची नजर आकाशात. टारपन उसळला की उलट त्याच्या दिशेने रॉड खाली करायचा, म्हणजे ताठ दोऱ्यावर त्याचे वजन पडून दोरा तुटत नाही. यातले काहीही वाचून हाताला येत नाही, पण वाचले असेल तर बोटीवर गाइड ओरडतो तेव्हा तो काय म्हणतो आहे ते कळते.

पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खोल समुद्रातल्या फ्लाय फिशिंगवर यात फारच थोडे आहे, आणि गाइडशिवाय स्वतःच फ्लॅटवर जाणाऱ्यांसाठी जवळजवळ काहीच नाही. फ्लाय कशी बांधायची हा विषय लेखकाने वगळला आहे. तो स्वतंत्र पुस्तकाचा आहे असे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. खर्चाचे आकडे लवकर जुने होतील. कीजमध्ये आज गाइडचा दिवस सातशे-आठशे डॉलरांच्या पुढे सुरू होतो आणि तो भाव खाली येण्याची चिन्हे नाहीत, तेव्हा दोघांनी मिळून बोट घ्यावी आणि आळीपाळीने नाळेवर उभे राहावे, हा लेखकाचा सल्ला व्यवहारी आहे. त्यात एक लाभ त्याने सांगितलेला नाही. आपली पाळी नसताना गाइडच्या चौथऱ्याजवळ उभे राहून तो कुठे पाहतो ते पाहावे. पाण्यावरची बारीक थरथर, तळावरून सरकणारी सावली, गवतातून वर आलेले शेपटीचे टोक. तिथे तासभर घालवलेला पाहुणा आपली पाळी आली की हाक पूर्ण होण्याआधीच वळतो.